काचेआडचा माणूस

दुचाकी चालविणाऱ्या मनुष्यास मोटारवाल्याचा जो राग येतो, तो संसारातील इतर रागांहून निराळ्या जातीचा आहे, असे सुमारे चाळीस वर्षांच्या अनुभवान्ती आमचे मत झाले आहे. घरातील रागाला मागचा इतिहास असतो. कचेरीतील रागाला पदांची उतरंड असते. शेजाऱ्यावरील रागाला निदान मधली भिंत तरी असते. रस्त्यावरचा हा राग मात्र क्षणार्धात जन्मास येतो. ज्याच्यावर येतो त्याचे नाव-गाव ठाऊक नसते, आणि तो व्यक्त करावा तोवर अपराधी पुढच्या चौकापलीकडे गेलेला असतो. मग तो राग जातो कुठे, आणि मुळात तो यावा की न यावा, हा प्रश्न आम्हांस सेवानिवृत्तीनंतर अधिक छळू लागला आहे. सेवेत असताना कदाचित सरकारी जीपमधून फिरल्यामुळे तो तितकासा सुचला नसावा.

आमची पहिली स्कूटर १९८७ साली घरी आली. नाव नोंदवून वाट पाहत बसावे लागे, असा तो काळ. त्या वेळी रामबागेतील आमच्या गल्लीत दोन मोटारी होत्या आणि दोन्हींचे मालक आम्हांला नावाने ओळखत. धक्का लागलाच तर गाडी थांबे, मालक उतरत, आधी आमच्या वडिलांची प्रकृती विचारीत आणि मग दोष कोणाचा यावर सविस्तर चर्चा होई. तो काळ फार सात्त्विक होता असे आमचे म्हणणे नाही. ट्रकवाले तेव्हाही होतेच. परंतु मोटारीत बसलेला मनुष्य तेव्हा दिसत असे. माळव्याच्या उन्हाळ्यात काच खाली असे, कोपर बाहेर असे. आता काच वर असते, आत गारवा असतो, गाणे चालू असते, आणि बाहेरून डोकावल्यास आपलेच हेल्मेटधारी प्रतिबिंब तेवढे दिसते.

२०२३ च्या फेब्रुवारीतील एका रविवारची गोष्ट. सकाळी पोहे आणि जलेबी घेऊन आम्ही गीताभवन चौकाकडून पलासियाकडे निघालो होतो. वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. आमच्या वयाला शोभेल असाच. मागून एक पांढरी मोटार उजव्या बाजूने आली, आमच्या पुढे जेमतेम गेली आणि इंडिकेटर न देता डावीकडच्या एका दुकानापुढील मोकळ्या जागेसाठी आमच्या वाटेत वळली. ताशी तीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे आठ मीटर पुढे जाते, आणि धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद सरतो. आम्ही ब्रेक दाबला, स्कूटर घसरली. कोपर सोलवटले, पायजमा गुडघ्यावर फाटला, पोहे रस्त्यावर आणि जलेबी त्यांच्यावर. मोटारवाल्यास बहुधा ती जागा पसंत पडली नाही. तो तसाच पुढे निघून गेला.

दोन तरुणांनी स्कूटर उचलून दिली. त्यांचे आभार न मानताच आम्ही तीवर बसलो आणि त्या मोटारीचा पाठलाग केला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. त्रेसष्टाव्या वर्षी, रक्ताळलेल्या कोपराने, चार वाहनांना ओलांडून आम्ही पलासियाच्या सिग्नलवर ती मोटार गाठली आणि काचेवर मूठ आपटली. काच खाली आली. आत आमच्याच वयाचा, किंबहुना थोडा थोरच, एक सभ्य दिसणारा गृहस्थ होता. त्याच्या चेहऱ्यावर उद्दामपणा नव्हता, भीतीही नव्हती. निव्वळ आश्चर्य होते. "क्या हुआ, भाई साहब?" त्याने विचारले. छत्तीस वर्षांच्या शासकीय सेवेत जे शब्द आम्ही तोंडातून काढले नव्हते ते त्या वेळी काढले. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मैंने तो देखा ही नहीं।" तेवढ्यात हिरवा दिवा लागला, मागचे भोंगे वाजू लागले, आणि तो गेला.

त्याने ते वाक्य बचाव म्हणून उच्चारले होते. आम्हांला तेच आरोपपत्र वाटले. त्याने पाहून अंगावर गाडी घातली असती तर आमच्या रागाला सरळ धनी मिळाला असता. परंतु त्याने आमचे अहित चिंतिले नव्हते, आमचा अपमान करण्याचा त्याचा हेतू नव्हता. आम्ही त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतो. मग ज्याने आपल्याविषयी वाईट तर सोडाच, काहीच चिंतिले नाही, त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो काय?

या प्रश्नाला ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात, दुसऱ्या भागात, एक फार मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या मते रागाचे मूळ उपेक्षेत आहे. आपली किंमत केली गेली नाही या जाणिवेत आहे. आणि तेथेच तो असे नोंदवितो की, कोणी आपले नाव विसरले तरी माणसाला राग येतो. वास्तविक नाव विसरणे ही किती क्षुल्लक बाब! पण विसर पडतो तो बेफिकिरीतून, आणि बेफिकिरी हीदेखील एक प्रकारची उपेक्षाच होय. जाणूनबुजून केलेला अपमान निदान आपली दखल तरी घेतो. बेफिकिरी तेवढेही करीत नाही. गल्लीतले मोटारमालक आम्हांला नावाने ओळखत, हे आम्ही वर सहज लिहून गेलो. आता वाटते की ते सहज नव्हते.

याच्या अगदी उलट दिशेचे उत्तर प्राचीन चीनमधील ज्वांग्झी या तत्त्वज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात मिळते. नदी ओलांडताना रिकामी होडी वाहत येऊन आपल्या होडीवर आदळली तर तापट मनुष्यही रागावत नाही. पण तिच्यात एखादा माणूस दिसला की तो ओरडू लागतो, आणि तिसऱ्या हाकेनंतर शिव्याही देतो. धक्का तोच; फरक एवढाच की मघा होडी रिकामी होती आणि आता भरलेली आहे. म्हणून माणसाने जगात रिकामे होऊन वावरावे, म्हणजे त्याला कोण दुखविणार, असा त्या ग्रंथाचा उपदेश. दृष्टान्त मोठा सुंदर आहे, आणि आमच्या एका स्नेह्यांनी आमचे कोपर पाहून तो आम्हांस सुनावलाही. परंतु आमची अडचण अशी की, ती मोटार ना रिकामी होती, ना भरलेली. तिच्यात माणूस होता, त्याचे लक्ष तेवढे नव्हते. आणि रिकामे होऊन वावरण्याच्या उपदेशाविषयी बोलायचे तर, दुचाकीवाला हा मोटारवाल्याच्या दृष्टीने आधीच रिकामी होडी असतो. आणखी किती रिकामे व्हायचे?

"दिसलेच नाही" हे म्हणणे मात्र पुष्कळदा खरे असते, हे आम्हांस नंतरच्या वाचनात कळले. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल-अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. ज्या अपघातांत दुसरे वाहन गुंतलेले होते, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोडला होता. आणि याचे प्रमुख कारण हे की त्याला ती वेळेवर दिसलीच नव्हती, किंवा दिसून उमगली नव्हती. मोटारीच्या पुढील काचेशेजारचा खांब एवढा रुंद असतो की एखादी दुचाकी त्याच्याआड सहज मावते. आरशाच्या कक्षेबाहेरही एक आंधळा पट्टा राहतो. शिवाय समोरून येणारी बारीक वस्तू असते त्याहून दूर भासते. सर्वांत मोठे कारण म्हणजे, डोळा जे शोधीत असतो तेच त्याला सापडते. मोटारवाला मोटारी आणि ट्रक शोधीत असतो. तो रस्त्यावर आपल्या तोलाचा धोका पाहतो. आमच्यापासून त्याला धोका नाही, म्हणून आम्ही त्याला दिसत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी आमचा थंड होऊ लागलेला राग पुन्हा चढतो. खांब ही निर्मात्याची चूक, आंधळा पट्टा ही भूमितीची. पण ज्याच्याकडून भय नाही त्याच्याकडे पाहायचेच नाही, ही सवय कोणाची? भारत सरकारच्या परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील जवळजवळ ४४.५ टक्के दुचाकीवर बसलेली होती. त्या सर्वांना मोटारींनीच मारले असे कोणी म्हणणार नाही. उलट दिशेने येणे, तिघांनी बसणे, कानाला मोबाईल दाबून वाकडी मान करणे, या विद्या आमच्याच पंथाच्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंदुरात हेल्मेटविना पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला, तेव्हा पंपावर एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरताना आम्ही याचि डोळां पाहिले. असो. परंतु काचेच्या आत चूक झाली तर बहुधा पत्रा चेपतो आणि काचेच्या बाहेर तीच चूक झाली तर हाड मोडते, ही विषमता कोणत्याही उपदेशाने पुसली जात नाही. शांत राहण्याचा सल्ला नेहमी ज्याचे हाड मोडणार आहे त्यालाच का दिला जातो, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीने युधिष्ठिरास हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला आहे. आम्हांला या अवस्थेत पाहून तुम्हांला राग कसा येत नाही, असे ती म्हणते, आणि प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला केलेला उपदेश सांगते. सदा क्षमा बरी नव्हे आणि सदा उग्रताही बरी नव्हे; जो नेहमीच क्षमा करतो त्याची नोकरचाकरही अवज्ञा करतात, आणि जो नेहमीच तापलेला असतो त्याच्यापासून आपलेही दुरावतात. प्रल्हाद एवढ्यावर थांबत नाही. एखाद्या चांगल्या प्रशासकाप्रमाणे तो क्षमेचे नियम घालून देतो. पहिला अपराध क्षम्य. अजाणता घडलेला अपराध क्षम्य, पण तो खरोखरच अजाणता घडला की काय याची नीट परीक्षा केल्यानंतर. हा 'परीक्षा' शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. "देखा ही नहीं" म्हटल्याने प्रकरण मिटत नाही. का पाहिले नाही, पाहणे शक्य होते की नव्हते, पाहण्याची तसदी घेतली होती काय, ही चौकशी उरतेच. मात्र ही चौकशी धावत्या स्कूटरवरून करता येत नाही, एवढे खरे.

युधिष्ठिराचे उत्तर आपल्याकडे केवळ क्षमेचे स्तोत्र म्हणून वाचले जाते. आम्हीही तसेच वाचीत आलो होतो. परंतु त्यात त्याचा एक साधा, जवळजवळ व्यावहारिक मुद्दा आहे: रागावलेल्या मनुष्याला काय करावे आणि काय करू नये हे दिसत नाही, कोणाला दुखवावे आणि कोणाला नाही हे कळत नाही. म्हणजे रागदेखील एक न दिसणेच आहे. हे आम्हांस पोथीतून पटले नसते. ते पटवून दिले एका टमाटेवाल्याने.

त्या रविवारनंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही पलासियाच्या अलीकडे भाजी घ्यावयास थांबलो असता ठेल्यावरील माणसाने आमच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "बाबूजी, उस दिन बहुत जल्दी में थे?" आम्हांस बोध होईना. तेव्हा त्याने सांगितले की, रविवारी सकाळी तो ठेला ढकलीत रस्ता ओलांडत असताना आम्ही त्याच्या पुढून इतके खेटून गेलो की ठेला वाचविताना त्याने तो फुटपाथच्या कडेवर घातला, आणि पाचसहा किलो टमाटे रस्त्यावर गेले. त्याने हाकही मारली होती. आम्ही आठवून पाहिले. मोटारीचा नंबर आठवला, तिच्या मागील काचेवरचा देवाचा चित्रपट्टा आठवला, सिग्नलवरचे उलटे मोजणारे आकडे आठवले. ठेला आठवला नाही. आम्ही म्हणालो, आणि म्हणताक्षणीच जीभ चावली, की आम्ही तर पाहिलेच नाही. तो हसला आणि म्हणाला की तसे सगळेच म्हणतात. त्याने टमाट्यांचे पैसे घेतले. एक किलोचे कमीच घेतले, कारण तेवढे त्याने वेचून विकले होते.

त्याला राग आला नव्हता काय? आला असणारच. परंतु आम्ही मुठीने काच ठोठावली तशी त्याने आमची कॉलर धरली नाही, आणि गप्पही बसला नाही. तीन दिवस थांबून, ओळखून, त्याने आम्हांला आमचे कृत्य सांगितले. हे त्याचे मोठेपण म्हणावे की ठेलेवाल्याला पायजम्यातल्या वृद्धावर रागावणे परवडत नाही म्हणून आलेले शहाणपण म्हणावे, हे आम्ही ठरवू शकलो नाही. दुसरे असेल तर त्याची प्रशंसा करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९७ च्या सुमारास माळव्यातील एका तहसिलीत आम्ही तहसीलदार होतो. अज्ञात वाहनाने ठोकर मारून पळ काढल्यास मृताच्या वारसास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ अन्वये ठराविक रक्कम मिळते. तिची चौकशी आमच्याकडे असे. रक्कम त्या वेळी पंचवीस हजार होती; २०२२ च्या एप्रिलपासून ती दोन लाख झाली आहे. एका शेतकऱ्याचा तरुण मुलगा दूध घालून राजदूतवरून परतताना रात्री एका वळणावर असा गेला. नमुन्यात 'वाहन क्रमांक' या रकान्यात आम्ही 'अज्ञात' असे लिहिले. बापाने अंगठा उठविला आणि विचारले की हे पैशांचे झाले. पण साहेब, गाडीत कोण होते? आम्ही सांगितले, तो पोलिसांचा विषय आहे.

मग त्याचे अर्ज येऊ लागले. कोणाकडून तरी लिहवून घेतलेले, पिवळट कागदावरचे. वळणावर पाटी लावा. झाडांच्या बुंध्यांना चुना लावा. बाभळीची फांदी रस्त्यावर आली आहे ती तोडा. प्रत्येक अर्जाच्या आरंभी मुलाचे नाव आणि तारीख. आम्ही प्रत्येकावर 'संबंधित खात्याकडे उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारीत होतो. अकरावा अर्ज आला तेव्हा आम्ही थोडे त्रासिकपणे म्हणालो की, बाबा, तुझे काम तर झाले आहे ना? त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ आम्हांस पलासियाच्या सिग्नलवर सव्वीस वर्षांनी लागला. आमच्या टेबलावरही काच होती. तिच्याखाली कॅलेंडर, देवाची तसबीर आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी होती. तिच्यापलीकडे उभा असलेला माणूस आम्हांस दिसत नव्हता असे नव्हे, पण त्याच्यापासून आम्हांला काही धोका नव्हता.

त्या माणसाचा राग विझला नव्हता, विझवावा असेही त्याला कधी वाटले नसावे. ज्याच्यावर रागवायचे तो सापडणार नाही हे कळल्यावर त्याने तो वळणावर नेऊन ठेवला. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात म्हणतो की ज्या गोष्टीवर रागावले पाहिजे तीवरही जो रागावत नाही तो मूर्खच समजावा. पण योग्य माणसावर, योग्य रीतीने, योग्य वेळी आणि योग्य काळपर्यंत रागावणे कठीण. 'योग्य काळपर्यंत' याचा अर्थ आम्ही नेहमी 'थोडा वेळ' असा करीत होतो. अकरा अर्जांना वर्ष-दीड वर्ष लागले. आमची बदली झाली. पुढे काही वर्षांनी त्या रस्त्याने जाण्याचा योग आला तेव्हा वळणावर पाटी होती आणि झाडांना चुना होता. ते त्याच्या अर्जांमुळे झाले की रस्त्याच्या रुंदीकरणात आपोआप झाले, हे सांगता येणार नाही. आम्ही थांबलो मात्र नाही. उशीर होत होता.

हल्ली आम्ही काही पथ्ये पाळतो. चौकात मोटारीच्या डाव्या बगलेला उभे राहत नाही. दिवसाही दिवा लावलेला असतो. उभ्या मोटारीच्या दारापासून हातभर अंतर राखतो, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. आणि मुलाच्या मोटारीत बसतो तेव्हा उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडतो, म्हणजे मान आपोआप मागे वळते. याला कोणी रागाचे व्यवस्थापन म्हणत असेल तर म्हणो. आमच्या मते ती निव्वळ हाडांची काळजी आहे. राग येतोच. हेल्मेटची काच खाली असली की आत काय उच्चारले ते बाहेर ऐकू जात नाही, ही एक सोय आहे. ज्ञानदेवही एकदा रुसून ताटी लावून बसले होते आणि मुक्ताबाईंना दाराशी उभे राहून त्यांची समजूत घालावी लागली, अशी आपल्याकडे कथा आहे. तेव्हा आमच्यासारख्याने चौकापुरती ताटी लावली तर फारसे बिघडत नसावे.

सलतो तो एकच विषय. त्या गृहस्थाची आम्ही परीक्षा केली नाही, त्याला फक्त शिव्या दिल्या. तो घरी जाऊन काय म्हणाला असेल? एक माथेफिरू म्हातारा काचेवर मुठी मारीत होता, असेच. आमचे कोपर त्याला शेवटपर्यंत दिसले नसेल. ते काचेच्या खाली होते. त्याला काय सांगावयास हवे होते याचे मसुदे आम्ही त्या सिग्नलवर थांबलो की मनाशी करतो. पहिला फार कडक झाला. दुसरा कारणे-दाखवा नोटिसीसारखा. तिसरा बरा आहे: आपण मला पाहिले नाही, आणि मी पडलो. एवढे तीस सेकंदांत बोलून होते. ते हिंदीतून बोलावे लागेल, आणि त्यात 'भाई साहब' आधी घालावे की शेवटी, हे अद्याप ठरलेले नाही.